जोडणी पक्की करणारा इंजिनिअर : यू. ए. व्हिटेकर

श्रीपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला साखर कारखाना आठवतो. आम्हा गावच्या पोरांना त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे विहिरीवरची मोटर. कारखाना चालायचा तर ऊस पाहिजे, ऊस यायचा तर पाणी पाहिजे आणि पाणी यायचं तर मोटर चालली पाहिजे. ती बंद पडली की घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात.

मी बारावीत असताना ऐन उन्हाळ्यात आमच्या काकांची पाच हॉर्सपॉवरची मोटर जळाली. रात्रीची लाईट होती. काका उसाला दारं धरायला गेले आणि तासाभरात परत आले. स्टार्टरच्या पेटीतून जळका वास येत होता. सकाळी वायरमन मामांनी पेटी उघडली. तीनपैकी एका फेजची वायर नुसती पिळा देऊन स्क्रूखाली अडकवलेली होती. तिचं इन्सुलेशन काळं पडलं होतं, तांब्याच्या तारा ठिसूळ होऊन तुटल्या होत्या. एक फेज गेला, मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढत राहिली आणि वाइंडिंग जळालं. रिवायंडिंगचा खर्च तर झालाच, वर आठवडाभर उसाला पाणी नाही. मामांनी पिशवीतून एक छोटी पितळी रंगाची टिकली काढली, वायरच्या टोकाला बसवली, टूलने दाबली आणि स्क्रू आवळला. काम दोन मिनिटांचं. त्या टिकलीला आमच्याकडे थिंबल म्हणतात, कोणी लग म्हणतं. काका पुढे कितीतरी दिवस म्हणत होते, की एवढ्याशा वस्तूसाठी आपली एवढी मोठी मोटर गेली.

पुढे इंजिनिअरिंगला आलो. सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलला पॅनल वायरिंग करताना सरांनी सगळ्यांना एकेक क्रिम्पिंग टूल दिलं, तेव्हा ती टिकली पुन्हा हातात आली. ही गोष्ट पहिल्यांदा नीट कोणी विचार करून बनवली असेल, असा प्रश्न पडला. शोधता शोधता एक नाव सापडलं : उंकस एनियस व्हिटेकर. कनेक्टरच्या धंद्यात हे नाव मोठं आहे. आपल्या होस्टेलमध्ये मात्र ते फारसं कोणाला माहीत असेल असं वाटत नाही. एडिसन, टेस्ला सगळ्यांना पाठ असतात, पण वायर जोडणाऱ्याला कोण विचारतो! म्हणून हा लेखनप्रपंच.

तीन डिग्र्या आणि तीन नोकऱ्या

व्हिटेकर यांचा जन्म २२ मार्च १९०० रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लिंकन या छोट्या गावात झाला. नाव जरा गमतीदारच. उंकस हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा एक प्रसिद्ध सरदार, तर एनियस हा ट्रॉयच्या जुन्या कथांमधला वीर. नावात असे दोन दोन लढवय्ये असले तरी माणसाचं आयुष्य गेलं ते ड्रॉइंग बोर्ड, मशीन आणि वायर यांच्यात.

१९२३ मध्ये त्यांनी एमआयटीमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. आपल्यातला कोणीही इथे थांबला असता आणि घरच्यांनी पेढे वाटले असते. व्हिटेकर थांबले नाहीत. वेस्टिंगहाऊस एअर ब्रेक या रेल्वेचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करत असताना त्यांना जाणवलं, की यंत्राचं काम आता विजेशिवाय पुढे जाणार नाही. मग १९२९ मध्ये कार्नेगी इन्स्टिट्यूटमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची दुसरी पदवी! त्यानंतर ते हूवर कंपनीत गेले. ही कंपनी घरात वापरायचे व्हॅक्यूम क्लीनर बनवायची. तिथे काम करता करता १९३५ मध्ये त्यांनी क्लीव्हलंडमधून कायद्याची पदवीही मिळवली. इंजिनिअरला वकिली कशाला, असं आपल्याला वाटेल. पण नवीन वस्तू काढणाऱ्या माणसाला पेटंट कळावं लागतं, आणि ही गोष्ट पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि लॉ या तीन पदव्यांकडे नीट बघा. आपल्याकडे मेकॅनिकलवाले इलेक्ट्रिकलच्या पेपरला शिव्या घालतात आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना वर्कशॉप नको असतं. पण वायरचा जोड हा विषय नेमका या दोन्हींच्या मधोमध पडतो. त्यातून करंट जातो म्हणून तो इलेक्ट्रिकल, आणि तो धातू दाबून, वाकवून, आकार देऊन बनतो म्हणून मेकॅनिकल. दोन्ही शाखांना वाटतं की ते दुसऱ्याचं काम आहे. अशा मधल्या जागेत काम करायला दोन्हीकडचं कळणारा माणूस लागतो.

हूवरमधली वर्षंही वाया गेली नाहीत. व्हॅक्यूम क्लीनर हे यंत्र लॅबमध्ये राहत नाही. ते घरभर ओढलं जातं, आपटलं जातं, त्याची वायर रोज ताणली आणि गुंडाळली जाते. अशा यंत्रात मोटर चांगली असून भागत नाही, वायरची टोकंही टिकावी लागतात. हूवरनंतर काही काळ त्यांनी अमेरिकन मशीन अँड फाउंड्री या कंपनीत काम केलं. चाळिशी आली तेव्हा हातात चांगली नोकरी होती, अनुभव होता, नाव होतं. सर्वसाधारण माणूस या वयात पेन्शनचा हिशोब करायला लागतो.

सोल्डर असताना वेगळं काय पाहिजे?

पुढची गोष्ट कळायला त्या काळची अडचण समजून घेतली पाहिजे. तेव्हा वायर पक्की जोडायची म्हणजे सोल्डर करायची, ही सर्वसाधारण रीत. आपण सगळ्यांनी फर्स्ट इयरला सोल्डरिंग केलंय, हातही भाजून घेतलेत. चांगला सोल्डर जोड उत्तमच असतो, यात वाद नाही. पण तो चांगला झालाय की नाही, हे करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं. इस्त्री कमी तापली तर ड्राय जोड होतो. तो वरून जोडलेला दिसतो आणि आतून सुटा असतो. फ्लक्स उरला तर पुढे गंज चढतो. जास्त गरम झालं तर शेजारचं इन्सुलेशन वितळतं.

आणखी एक दोष लवकर लक्षात येत नाही. आपली लवचिक वायर अनेक बारीक तारांची बनलेली असते. वितळलेलं सोल्डर या तारांमधल्या फटींतून वर चढतं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं. जिथपर्यंत ते चढतं तिथपर्यंत वायर ताठ होते आणि पुढे ती लवचिक राहते. यंत्र थरथरायला लागलं की सगळा ताण या सीमेवर येतो आणि वायर तिथेच तुटते. घरातल्या दिव्याला याने फरक पडत नाही. विमानाला पडतो. विमान सतत थरथरतं, आणि त्यात शेकडो, हजारो जोड असतात. शिवाय अडचणीच्या जागेत तापलेली इस्त्री घेऊन वाकून काम करायचं, आणि असा प्रत्येक जोड करायला कुशल कारागीर पाहिजे.

तारेवर नळी चढवून दाबून जोड करायची कल्पना व्हिटेकर यांच्या आधीही होती. ती त्यांनी शोधून काढली असं म्हणणं चुकीचं ठरेल. त्यांनी वेगळा विचार केला तो असा : टर्मिनल, वायर आणि दाबायचं टूल या तीन वेगळ्या वस्तू नाहीत, त्या एकाच डिझाइनचे तीन भाग आहेत. अमुक जाडीच्या वायरला अमुक टर्मिनल, त्याला अमुकच साच्याचं टूल, आणि दाब किती द्यायचा हे माणसाच्या मनगटाने नाही तर टूलने ठरवायचं. एवढं पाळलं की नवशिक्याने केलेला जोड आणि वीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रीने केलेला जोड सारखाच येतो.

१९४१ : एक्केचाळिसाव्या वर्षी नवी सुरुवात

सप्टेंबर १९४१ मध्ये व्हिटेकर यांनी न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावात एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू केली. विमान आणि जहाजांसाठीचा माल, असा नावाचा सरळ अर्थ. इंग्रजी आद्याक्षरं घेतली की होतं एएमपी. अँपिअरला आपण बोलताना अँप म्हणतो, त्याच्याशीही ते जुळतं! मुख्य माल होता सोल्डर न लावता जोडायची टर्मिनल्स आणि ती दाबायची टूल्स.

वेळ बघा. युरोपात युद्ध पेटलेलं होतं. कंपनी सुरू होऊन तीन महिने होत नाहीत तोच ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. विमानांची मागणी एकदम वाढली. १९४४ या एका वर्षात अमेरिकेने सुमारे ९६ हजार विमानं बनवली. एवढ्या विमानांतले सगळे जोड सोल्डर करायला कुशल हात आणायचे कुठून? कारखान्यात कालपर्यंत दुसरंच काम करणारे लोक, त्यात मोठ्या संख्येने बायका, नव्याने येत होते. त्यांना थोडक्या दिवसांत शिकवून खात्रीचं काम करून घ्यायचं होतं. अशा वेळी टूलच दाब ठरवतं ही कल्पना फार कामाची होती. युद्धाच्या काळातच कंपनीने पेनसिल्व्हेनियात ग्लेन रॉक इथे बस्तान हलवलं आणि पुढे हॅरिसबर्ग हे तिचं मुख्य ठिकाण झालं.

अर्थात लोकांचा विश्वास लगेच बसला असेल असं नाही. सोल्डर न लावता नुसतं दाबलेलं किती दिवस टिकणार, ही शंका कोणालाही येणारच. आपल्याकडचं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरेल या भीतीने शेतकरी तो घेईनात, आणि पहिले नांगर दोन वर्षं पडून राहिले. पुढे तेच नांगर गावोगावी गेले. नवी वस्तू नुसती चांगली असून चालत नाही, ती चांगली का आहे हे दाखवूनही द्यावं लागतं. क्रिम्प जोडाच्या बाबतीत हे दाखवण्याचे दोन मार्ग होते : ओढून बघणं आणि कापून बघणं.

दाबल्यावर आत नेमकं काय होतं?

ओढून बघणं सोपं आहे. जोड केलेली वायर यंत्रात धरून ताणायची आणि किती ताणाला सुटते ते मोजायचं. चांगल्या क्रिम्पची ताकद मूळ वायरच्या ताकदीच्या बरीच जवळ जाते.

कापून बघण्यात खरी मजा आहे. क्रिम्प केलेला जोड मधोमध आडवा कापा, पॉलिश करा आणि मायक्रोस्कोपखाली ठेवा. आधी गोल असलेल्या तारा आता गोल राहिलेल्या नसतात. दाबामुळे त्या एकमेकींना बिलगून षटकोनी, पंचकोनी झालेल्या असतात, अगदी मधमाशीच्या पोळ्यासारख्या. मधे फट नसते. फट नाही म्हणजे हवा नाही, ओल नाही, म्हणून गंजही नाही. याला गॅस-टाइट जोड म्हणतात.

दाबताना आणखी एक गोष्ट घडते. तांब्याच्या पृष्ठभागावर ऑक्साईडचा पातळ थर असतो आणि तो करंटला अडवतो. दाब बसला की तारा लांबीच्या दिशेनेही थोड्या सरकतात, एकमेकींवर आणि नळीवर घासतात. तो थर फाटतो आणि आतला ताजा धातू ताज्या धातूला भिडतो. टूल काढून घेतल्यावर बाहेरची नळी किंचित परत फिरू बघते, पण आतल्या तारांना धरून ठेवण्याइतका दाब तिच्यात शिल्लक राहतो. हा शिल्लक दाब जोडाला वर्षानुवर्षं सांभाळतो.

मग जितकं जास्त दाबू तितकं चांगलं का? नाही! आणि डिझाइनचा खरा प्रश्न इथेच आहे. कमी दाबलं तर फटी राहतात, रेझिस्टन्स वाढतो आणि वायर ओढली की निघून येते. दाब वाढवत गेलो की ताकदही वाढत जाते, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे तारा चेपून बारीक होतात, कापल्या जातात आणि ताकद घसरायला लागते. विजेच्या दृष्टीने मात्र आणखी थोडं दाबलं तर बरंच असतं. म्हणजे मेकॅनिकल दृष्टीने उत्तम दाब आणि इलेक्ट्रिकल दृष्टीने उत्तम दाब हे एकाच ठिकाणी येत नाहीत. डिझाइनरला दोघांच्या मधली जागा निवडावी लागते. दोन्ही पदव्या घेतलेल्या माणसाला हा प्रश्न का आवडला असेल, ते आता लक्षात येईल.

इन्सुलेशनसकट जोड

पहिली टर्मिनल्स उघडी होती. दाबून झाल्यावर त्यावर वेगळी नळी चढवायची किंवा टेप गुंडाळायची. म्हणजे एक काम वाढलं आणि विसरण्याची एक जागाही वाढली. पुढच्या काही वर्षांत कंपनीने इन्सुलेशन आधीच चढवलेली टर्मिनल्स आणली. आज आपण पॅनलमध्ये लाल, निळी, पिवळी टर्मिनल्स वापरतो ती याच घराण्यातली. लाल साधारण ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर वायरला, निळं १.५ ते २.५ ला आणि पिवळं ४ ते ६ ला. रंग शोभेसाठी नाही, चुकीची जोडी जमू नये म्हणून आहे.

वरून साधी दिसणारी ही वस्तू बनवायला अवघड आहे. टूलचा दाब बाहेरच्या प्लॅस्टिकमधून आतल्या धातूपर्यंत गेला पाहिजे. धातू कायमचा चेपला पाहिजे, पण मधलं प्लॅस्टिक फाटता कामा नये. शिवाय चांगल्या प्रकारात एकाऐवजी दोन ठिकाणी पकड असते. पुढची पकड उघड्या तारांवर असते, ती करंटसाठी. मागची पकड वायरच्या इन्सुलेशनवर असते, ती आधारासाठी. वायर हलली, वाकली, थरथरली तरी तो ताण इन्सुलेशनवरच्या पकडीवर येतो, नाजूक तारांपर्यंत पोहोचत नाही. सोल्डरच्या जोडात जिथे वायर तुटायची, नेमका तोच दोष इथे काढून टाकला. मागचं तोंड नरसाळ्यासारखं ठेवलं की वायर घालताना एखादी तार बाहेर दुमडून राहत नाही. बारकावे छोटे, पण प्रत्येकाच्या मागे कुठली ना कुठली चूक बघितलेली असते.

युद्ध संपलं, आता काय?

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि विमानांच्या ऑर्डरी एकदम आटल्या. ज्या कंपनीच्या नावातच विमान आणि जहाज होतं, तिच्यावर काय वेळ आली असेल याची कल्पना करा. धंदा झपाट्याने खाली आला. पण व्हिटेकर यांनी बघितलं, की जोड फक्त विमानात नसतात. फ्रीज, वॉशिंग मशीन, रेडिओ, मोटारगाड्या अशा जिथे जिथे वायर आहे तिथे तिथे तिचं टोक आहे!

पण अडचण दुसरी होती. विमानाच्या जोडाला हाताने एकेक दाबणं परवडतं, फ्रीजच्या कारखान्यात दिवसाला हजारो जोड लागतात. मग कंपनीने टर्मिनल्स सुटी न देता एकाला एक जोडलेल्या पट्टीच्या रूपात, रिळावर गुंडाळून द्यायला सुरुवात केली. त्यासोबत एक यंत्र द्यायचं. रीळ यंत्राला लावायचं, वायरचं टोक पुढे धरायचं, यंत्र पट्टीतून टर्मिनल कापून वायरवर दाबून देतं. हे यंत्र कंपनी भाड्याने द्यायची आणि टर्मिनल्स विकायची. गिऱ्हाईकाला महागडं यंत्र विकत घ्यायला नको, आणि कंपनीचा माल कायम खपत राहतो. टर्मिनल, वायर आणि टूल हे एकच डिझाइन, ही सुरुवातीची कल्पना अशी धंद्यातही उतरली. इथे त्यांची वकिलीही कामाला आली, कारण या प्रत्येक गोष्टीची पेटंट्स कंपनीने जपली.

१९५६ मध्ये कंपनीचं नाव अधिकृतपणे एएमपी झालं आणि १९५९ मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. पुढे टीव्ही आले, कॉम्प्युटर आले, आणि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर जोडांची संख्या वाढतच गेली. एक गोष्ट मला विशेष वाटली. कंपनीने एकाच शहरात प्रचंड कारखाना उभारण्याऐवजी पेनसिल्व्हेनियातल्या लहान लहान गावांत छोटे कारखाने काढले. साखर कारखान्यामुळे माळावर वस्ती उभी राहिलेली बघितलेल्या आम्हा श्रीपूरकरांना यातलं महत्त्व वेगळं सांगायला नको. गावात काम आलं की गावाचं काय होतं, हे आम्ही घरातच बघितलंय.

नंतरची गोष्ट

सप्टेंबर १९७५ मध्ये व्हिटेकर गेले. त्यांच्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या व्हिटेकर फाउंडेशनने बायोमेडिकल इंजिनिअरिंगला, म्हणजे वैद्यक आणि इंजिनिअरिंग यांच्या मधल्या विषयाला, मदत करायचं ठरवलं. पुन्हा दोन शाखांच्या मधली जागा! या संस्थेने २००६ पर्यंत ७० कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम वाटली. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे विभाग उभे राहिले त्यात या पैशाचा मोठा हात आहे. आणि सगळ्यात नवल म्हणजे, संस्थेने पैसा कायमचा पुरवून पुरवून वापरला नाही. ठरवून सगळा खर्च केला आणि २००६ मध्ये आपलं काम थांबवलं. काम झालं की टूल बाजूला ठेवावं, तसं.

त्यांची कंपनी १९९९ मध्ये टायकोने विकत घेतली, २००७ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली आणि आज टीई कनेक्टिव्हिटी या नावाने चालते. नावं बदलली, पण पॅनलचं दार उघडलं की आत दिसतात ती लाल, निळी, पिवळी टर्मिनल्सच.

पुन्हा एकदा काकांची मोटर

हे सगळं वाचून झाल्यावर मी काकांच्या मोटरचा हिशोब मांडून बघितला. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरला प्रत्येक फेजमधून साधारण ७ अँपिअर करंट जातो. चांगल्या क्रिम्पचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की तिथे उष्णता जाणवतही नाही. पण पिळा दिलेल्या सैल जोडाचा रेझिस्टन्स समजा ०.१ ओहम झाला, तर करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स म्हणजे जवळपास ५ वॅट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत आणि तासन् तास. उष्णतेने तांबं ऑक्सिडाइज होतं, त्याने रेझिस्टन्स वाढतो, त्याने उष्णता आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. शेवटी एक फेज तुटतो आणि उरलेल्या दोन फेजमधून जवळपास पावणेदोनपट करंट वाहायला लागतो. ओव्हरलोड रिले नीट सेट केलेला नसेल तर मोटरचं काही खरं नाही.

अल्युमिनियमची वायर असेल तर काळजी जास्त. त्याच्यावरचा ऑक्साईड चिवट असतो, आणि दाबाखाली हा धातू हळूहळू सरकत जातो. आज आवळलेला स्क्रू काही महिन्यांनी आपोआप सैल होतो. म्हणून अल्युमिनियमला त्याचंच लग पाहिजे, आणि तांब्याशी जोडायचं तर दोन्ही धातूंचं बायमेटॅलिक लग पाहिजे.

मित्रांनो, आता आपल्या होस्टेलकडे या. एक्स्टेन्शन बोर्डावर दुसरा बोर्ड, त्याच्यावर तिसरा, प्लग तुटला म्हणून नुसत्या तारा सॉकेटमध्ये खुपसलेल्या आणि काडेपेटीची काडी लावून घट्ट केलेल्या. आपण सगळे भावी इंजिनिअर! परीक्षेत कॉन्टॅक्ट रेझिस्टन्सची व्याख्या लिहून मार्क मिळवतो आणि रूमवर येऊन काडी खोचतो. प्रोजेक्टचंही तसंच. मायक्रोकंट्रोलर महागातला आणतो, कोड रात्र रात्र जागून लिहितो, आणि एक्स्टर्नल समोर उभे राहिले की एक जम्पर वायर निसटते. वायवाच्या वेळी आपण नशिबाला दोष देतो. दोष नशिबाचा नसतो, जोडाचा असतो.

म्हणून चार साध्या गोष्टी. वायरच्या जाडीप्रमाणेच टर्मिनल घ्या. इन्सुलेशन सोलताना आतल्या तारा कापू नका. मोठी वायर बसेना म्हणून चार तारा छाटू तर अजिबात नका. पक्कड किंवा हातोडी वापरून क्रिम्प करू नका. पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडत नाही असं रॅचेट टूल आपल्या वर्कशॉपमध्ये आहे, ते मागून घ्या. आणि जोड झाला की एकदा ओढून बघा. ओढून निघाला तर आत्ता निघू दे, नंतर रात्री दोन वाजता उसाच्या फडात निघण्यापेक्षा ते बरं.

व्हिटेकर यांनी कुठलं नवीन तत्त्व शोधलं नाही. वायरचं टोक ही ज्याला त्याला किरकोळ वाटणारी गोष्ट त्यांनी आयुष्यभर किरकोळ मानली नाही, एवढंच. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी सुरुवात करूनही ते एवढं उभं करू शकले, ही गोष्ट एटीकेटी लागलेल्या आपल्या मित्रांनीही लक्षात ठेवायला हरकत नाही!

काकांच्या स्टार्टरमधली तिन्ही टोकं मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः नव्याने क्रिम्प करून दिली. वायरमन मामा शेजारी उभे राहून बघत होते. झाल्यावर त्यांनी तिन्ही वायरी एकेक करून जोरात ओढून बघितल्या. एकही निघाली नाही. ते काही बोलले नाहीत, फक्त पेटीचं झाकण लावलं. आत्तापर्यंतच्या सगळ्या प्रॅक्टिकल्समध्ये मला मिळालेले हे सगळ्यात चांगले मार्क.